ऊसतोड हंगामासाठी तालुक्यात अन्न बँक: शिधा, साठवण, लग्नातलं उरलेलं अन्न. नेमकं कसं बसवायचं?

कृष्णाकाठ_वाळवा:

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात (जि. सांगली) आमचं मंडळ येत्या गाळप हंगामापासून अन्न बँक सुरू करत आहे. कारखान्याच्या आसपास तीन तळांवर मिळून साधारण १०० कोपी (ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्या) पडतात. बहुतेक कुटुंबं बीड आणि जालन्याकडची, नवरा-बायकोचा एक कोयता (तोडणीची जोडी) आणि सोबत दोन लहान मुलं अशी. ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम असतो.

हातात काय आहे ते सांगतो. दहा बाय बाराची पत्र्याची खोली मोफत मिळाली आहे. काही शेतकरी ज्वारी-गहू द्यायला तयार आहेत, दोन मंगल कार्यालयांनी उरलेलं जेवण द्यायचं कबूल केलं आहे आणि थोडी रोख वर्गणी जमेल. अडतंय ते पुढे:

किटमध्ये नेमकं काय आणि किती घालावं? पीठ द्यावं की धान्य? पत्र्याच्या खोलीत डाळ-ज्वारी सहा महिने टिकवायची कशी? लग्नाचं उरलेलं जेवण तळावर वाटणं सुरक्षित आहे का? आणि परवाना, पावत्या वगैरे काय लागतं?

पूर्वी कोणी असं काम उभं केलं असेल तर आकड्यांसकट सांगा. "चांगला उपक्रम, शुभेच्छा" एवढ्यावर थांबू नका ही विनंती.

---

रेशन_माहितगार:

किटच्या आधी रेशन बघा. शंभर कुटुंबांना पोटभर धान्य पुरवणं कुठल्याच मंडळाच्या आवाक्यातलं नाही, आणि त्यातलं बरंचसं धान्य या लोकांच्या हक्काचं असून गावाकडे पडून राहतं.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. "एक देश एक रेशन कार्ड" व्यवस्थेमुळे बीडचं कार्ड वाळव्यातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात चालतं. नवीन कार्ड काढायचं नाही, नाव हलवायचं नाही, मुकादमाची (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची) चिठ्ठी लागत नाही. कार्डाचा १२ अंकी नंबर किंवा आधार नंबर आणि अंगठा, एवढंच.

मग मिळत का नाही? कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, गावाकडे राहिलेले आई-वडील महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या कुटुंबाचं धान्य उचलतात. इथे मशीनवर शिल्लक शून्य दिसते आणि दुकानदार हात वर करतो. निघण्याआधी घरात ठरवायला हवं की गावाकडे राहणाऱ्यांनी आपल्यापुरतंच उचलायचं. मशीनवर कमी उचल नोंदवता येते. तुमच्या स्वयंसेवकांनी तळावरून गावाकडे एक फोन करून दिला तरी हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो.

दुसरं, ई-केवायसी (कार्डावरच्या सदस्याची आधारने ओळख पडताळणी). ज्या सदस्याची ई-केवायसी राहिली असेल त्याचं धान्य थांबू शकतं. ती कुठल्याही दुकानातल्या ई-पॉस मशीनवर होते, त्यासाठी बीडला जावं लागत नाही.

तिसरं कारण कोणी लक्षात घेत नाही. कोयता धरून आणि उसाचं पाचट ओढून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे अंगठा उठत नाही. दुसरं बोट लावून बघा, हात धुऊन कोरडे करून बघा, कार्डावरच्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. तरीही नाही झालं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी किंवा बुबुळाचं स्कॅनर, दुकानात जी सोय असेल ती मागायची.

चौथं, दुकानदार म्हणतो "माझा कोटा संपतो". तो खोटंच बोलतो असं नाही. एकदम शंभर कार्डं वाढली तर त्याच्याकडचा साठा खरंच अपुरा पडतो. म्हणून तळ पडायच्या आधीच तहसील कार्यालयातल्या पुरवठा निरीक्षकांना लेखी पत्र द्या: कुठल्या गावाजवळ किती कुटुंबं येणार आणि कोणतं दुकान जवळ पडेल. पत्राची पोच घ्या. दाद लागली नाही तर १९६७ किंवा १४४४५ या क्रमांकांवर तक्रार नोंदवता येते.

एक गट मात्र यातून सुटतो. बीड-जालन्यासह मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत प्राधान्य यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रोख रक्कम मिळते. कोरडवाहू दोन एकरवाला माणूस उसाला आला असेल तर तो यात असू शकतो. त्याला इथल्या दुकानात धान्य मिळणार नाही. ज्यांच्याकडे कार्डच नाही ते आणि हे, असे दोघे मिळून तुमच्या धान्यवाटपाची खरी यादी तयार होते.

पहिल्या आठवड्यात किट वाटू नका, याद्या करा. प्रत्येक कोपीत चार गोष्टी लिहून घ्या: कार्डाचा रंग व नंबर, खाणारी तोंडं किती, त्यात दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर-स्तनदा बायका किती, आणि या महिन्याचं धान्य उचललं की नाही. जो त्या दिवशीच उपाशी आहे त्याला अर्थात लगेच द्या, त्याला यादीत अडकवू नका.

---

आहार_नोंदी:

वरच्या प्रतिसादाला जोडून किटचा हिशोब देते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१० च्या आहार-तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ६०० ग्रॅम धान्य आणि १२० ग्रॅम डाळी-कडधान्य धरलं आहे, तसंच काम करणाऱ्या बाईला ४८० ग्रॅम आणि ९० ग्रॅम. ऊसतोड हे जडच काम आहे. तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणं, यात बाईचे कष्ट कमी नसतात. दोन लहान मुलांचं धान्य मिळून ३०० ग्रॅम धरा. म्हणजे चौघांच्या कोपीला दिवसाला जवळपास १ किलो ४०० ग्रॅम आणि पंधरवड्याला २१ किलो धान्य लागतं. रेशनवर चौघांचं महिन्याला २० किलो, म्हणजे पंधरवड्याला १०. रेशन पूर्ण मिळालं तरी निम्मं कमी पडतं, आणि त्यात डाळ-तेल अजिबात नसतं.

डाळींची गरज याच हिशोबाने पंधरवड्याला साडेचार किलोच्या आसपास जाते. तळावर प्रत्यक्षात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कधीमधी पातळ आमटी एवढंच असतं. पोट भाकरीने भरतं, पण अंगात ताकद राहत नाही आणि मुलं वाळत जातात. म्हणून तुमची रोख वर्गणी धान्यावर खर्च करू नका. धान्य शेतकऱ्यांकडून येऊ द्या, पैसा डाळ, शेंगदाणे आणि तेलाला ठेवा.

चौघांसाठी पंधरवड्याचं किट असं करा:

तूर, मसूर किंवा हरभरा डाळ मिळून दीड किलो. मटकी किंवा चवळी १ किलो. शेंगदाणे १ किलो. पॅकबंद तेल १ लिटर. गूळ १ किलो. आयोडीनयुक्त मीठ १ किलो (महिन्यातून एकदाच). मिरचीपूड २०० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम.

रेशन मिळत असेल त्यांना वर १० किलो ज्वारी, मिळत नसेल त्यांना १५ किलो ज्वारी आणि ५ किलो तांदूळ.

मसूर मुद्दाम सुचवते. कोपीत जळण म्हणजे पाचट नाहीतर चार काटक्या, आणि बाई पहाटे तीनला चूल पेटवते. तुरीला वेळ आणि जळण दोन्ही जास्त लागतं, मसूर पटकन शिजते. राजमा, छोले देऊ नका. भिजवायला भांडं नाही, शिजवायला कुकर नाही. सोयाबीनच्या वड्या प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम आणि स्वस्त आहेत, पण खायची सवय नसेल तर त्या तशाच पडून राहतात. आधी तळावरच्या बायकांना विचारा.

मैदा, शेवया, बिस्किटांचे पुडे हे देणगीत हमखास येतं. बिस्किटं पोरांच्या हातात दिली की ती दुपारची भाकरी खात नाहीत. त्याऐवजी शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे द्या. आई-वडील फडात गेल्यावर मोठं भावंड लहानाला भरवतं, त्याला शिजवायला न लागणारं काहीतरी कोपीत असलं पाहिजे.

आणखी एक, सहा महिने ते तीन वर्षांची मुलं आणि गरोदर-स्तनदा माता यांना स्थानिक अंगणवाडीतून घरपोच आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा शिजवलेला. बाहेरगावची आहे म्हणून नाव घेणार नाही असं म्हणता येत नाही. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी नोंदणी अॅपवर) नोंद इकडे वळवून घेता येते. सेविकेला तळावर घेऊन जा, तिला तळ कुठे पडलाय हेच बरेचदा माहीत नसतं.

---

कृष्णाकाठ_वाळवा:

ताई, हे फार कामाचं आहे. एक शंका. ज्वारी दिली तर दळण कुठे करणार? तळापासून गिरणी दोन-अडीच किलोमीटर आहे आणि ही माणसं दिवसभर फडात. पीठच दिलं तर?

---

आहार_नोंदी:

पंधरा दिवसांचं पीठ एकदम देऊ नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना तुटते. बाजरीचं तर आठवडाभरात कडू व्हायला लागतं. गव्हाचं टिकतं, पण या घरांत पोळी रोजची नाही.

गिरणीवाल्याशी ठरवा. कुटुंबाला ज्वारीसोबत ५-५ किलोच्या दळणाची कुपनं द्या, गिरणीवाला महिनाअखेर कुपनं मोजून मंडळाकडून पैसे घेईल. दळण आणायचं काम बहुधा बाजाराच्या दिवशी उरकतं. तेही जमत नसेल तर मंडळाने आठवड्यातून एकदा प्रत्येक कोपीचं ५ किलो दळून तळावर पोचवावं. कष्ट वाढतात, पण पीठ ताजं राहतं. दळण देण्याआधी गिरणीत मिरची-हळद दळलेली नाही ना तेवढं बघा.

---

गोदाम_कोठार:

साठवणीचं सांगतो. तुमच्या आकड्यांप्रमाणे शंभर कुटुंबांना पंधरवड्याला १० ते १२ क्विंटल ज्वारी, अडीच क्विंटल डाळी-कडधान्य, १ क्विंटल शेंगदाणे आणि १०० लिटर तेल लागेल. १२० चौरस फुटांत एका वेळी दोन वाटपांचा माल, म्हणजे ५० किलोची साठ-सत्तर पोती नीट बसतात. सहा महिन्यांचा माल एकदम भरायचा विचार सोडून द्या. शेतकऱ्यांना सांगा की धान्य तुमच्याच कणगीत राहू दे, आम्ही दर महिन्याला ठरलेलं उचलू. त्यांच्याकडे ते जास्त चांगलं टिकतं.

पत्र्याच्या खोलीची अडचण अशी की दिवसा तापते आणि रात्री थंड होते. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव साचून थेंब खाली पोत्यांवर पडतात आणि वरच्या थराला बुरशी धरते. पत्र्याखाली थर्माकोलची शीट किंवा बांबूची ताटी बांधा, आणि समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या ठेवा. पोती थेट फरशीवर नकोत. लाकडी पॅलेट किंवा विटांवर फळ्या, जमिनीपासून निदान अर्धा फूट. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर, म्हणजे उंदीर दिसतो आणि झाडू फिरतो. थप्पी सहा पोत्यांच्या वर नको. मीठ आणि गूळ धान्याच्या थप्पीपासून लांब, दोन्ही ओल धरतात.

माल घेताना ओल तपासा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून पाच-दहा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे, साठवणीला घेऊ नका. दाताखाली दाणा कट्‌ वाजून फुटला पाहिजे, चेपला तर परत उन्हात.

हंगामाचा ताळमेळही लक्षात घ्या. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. नोव्हेंबरमध्ये कोणी ज्वारी देतो म्हणाला तर एकतर ती गेल्या वर्षीची, सोंडे लागण्याची शक्यता असलेली, नाहीतर खरिपाची हायब्रीड. हायब्रीड पावसात सापडून काळी पडलेली असेल तर फुकट मिळाली तरी नको, त्या काळेपणात बुरशी असते. तुरीचं तसंच. नवी तूर डिसेंबर-जानेवारीनंतर बाजारात येते, तोवर डाळ महाग. सुरुवातीचे दोन महिने मसूर आणि हरभरा डाळीवर काढा, तूरडाळ नंतर भरा.

शेंगदाणे हा सगळ्यात नाजूक माल. ओलसर राहिले तर जी बुरशी येते तिचं विष भाजून, तळून जात नाही. सुरकुतलेले, काळपट-हिरवट, कुबट वास येणारे दाणे वेचून टाका, कोंबड्यांनाही घालू नका. महिन्यापुरतेच घ्या.

किडीबद्दल अगदी स्पष्ट सांगतो. सेल्फॉससारख्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या या खोलीत वापरायच्या नाहीत. ३ ग्रॅमची एक गोळी साधारण १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते, आणि शेजारच्या खोलीत झोपलेलं कुटुंब दगावण्याइतका तो जहाल असतो. हे काम फक्त परवानाधारक माणसाचं, तेही वस्तीपासून लांब असलेल्या बंद गोदामात. बोरिक पावडर चोळलेलं धान्यही घेऊ नका. घरची बाई ते धुऊन वाळवते, पण तळावरचं धान्य थेट गिरणीत जातं.

त्याऐवजी हवाबंद थैल्या वापरा. आत जाड प्लास्टिकच्या पिशव्या, बाहेर नेहमीचं पोतं. तोंड पिळून घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपून दोन-तीन आठवड्यांत कीड मरते. अट एकच, थैली मध्येच उघडायची नाही आणि तिला भोक पडता कामा नये. म्हणून हुक लावून ओढायची सवय असलेल्या हमालाला आधीच बजावा. डाळ गिरणीतूनच तेलाचा हात लावलेली घ्या, ती जास्त टिकते.

प्रत्येक पोत्याला चिठ्ठी: माल, आल्याची तारीख, कोणाकडून, किती किलो. जो माल आधी खराब होणार तो आधी बाहेर काढायचा. नुसतं "आधी आलेला आधी बाहेर" धरलं तर नोव्हेंबरात आलेला तांदूळ जातो आणि डिसेंबरात आलेले शेंगदाणे कुबट होतात.

तुमचा तालुका कृष्णेकाठचा आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते गावात विचारा. हंगामात पुराची भीती नाही, पण उरलेला माल आणि पॅलेट, काटा, थैल्या जूनआधी हलवायला लागतील का हे आत्ताच कळेल.

---

पंगत_वाढपी:

मंगल कार्यालयाच्या जेवणाबद्दल. माझं मत आधीच सांगतो: तळासाठी यावर विसंबू नका. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर भात अकराच्या सुमारास उतरतो. पंगती चारपर्यंत चालतात. उरलेलं तुमच्या हातात साडेचारला येतं, म्हणजे साडेपाच तासांचं अन्न. त्या वेळी तळावर लहान मुलं आणि म्हातारीच असतात, बाकीचे अंधार पडल्यावर येतात. आणखी दोन तास गेले. शिवाय पौषात लग्नंच नसतात आणि मोठी तिथी एप्रिल-मे मध्ये, जेव्हा कोपी उठलेल्या असतात. हे अन्न एस. टी. स्टँड, सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांचे नातेवाईक, वसतिगृह अशा ठिकाणी न्या, जिथे गरम असतानाच पंधरा-वीस मिनिटांत पंगत बसते.

तरी घ्यायचंच असेल तर नियम कडक ठेवा.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू भराभर वाढतात. म्हणून एकतर ६० च्या वर गरम, नाहीतर ५ च्या खाली थंड. टोचून तापमान बघायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, हाताला गरम लागतं यावर जाऊ नका. ४० अंशही हाताला गरमच लागतं. सगळ्यात फसवा पदार्थ भात. त्यात शिजवूनही न मरणारे बीजाणू असतात, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा उकळून नष्ट होत नाही. "परत गरम करून वाढू" हे भाताला लागू नाही.

घ्यायचं फक्त मागच्या पातेल्यातलं, ज्यात वाढपाचा डाव गेलेला नाही. बुफेच्या टेबलावरचं नाही, ताटातलं तर नाहीच. आचाऱ्याला एकच प्रश्न विचारा: शेवटचं पातेलं किती वाजता उतरवलं? चार तासांच्या आत पोटात जाणार असेल तर घ्या.

घ्यावं असं: पोळ्या, पुऱ्या, बुंदी, जिलेबी, सुकी बटाटा भाजी, वाफाळतं वरण किंवा आमटी, गरम मसालेभात. घेऊ नये असं: कोशिंबीर, दहीवडे, मठ्ठा, ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, बासुंदी, रबडी, कापलेली फळं. नाही म्हणताना यजमान दुखावतो, म्हणून ही यादी कार्यालयाच्या भिंतीवर आधीच लावून ठेवा.

भांडी मंडळाची, झाकणाची स्टीलची, आणि गरम ठेवायची खोकी. खोल पातेल्यात तीस किलो भात भरला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ डबे. प्रत्येक डब्यावर पदार्थ, कार्यालय, शिजल्याची वेळ, कधीपर्यंत खायचं आणि शाकाहारी की मांसाहारी. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून फ्रीजमध्ये एक-दोन दिवस ठेवा. कोणाला त्रास झाला तर डॉक्टरला आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवायला काहीतरी असतं.

अंदाजासाठी: १ किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो. पोळी-भाजी सोबत असेल तर माणशी २०० ते २५० ग्रॅम भात आणि दीडशे मिली वरण पुरतं. पन्नास जणांना १२ किलो भात. कार्यालयातून ४० किलो भात उरल्याचा फोन आला आणि तुमच्याकडे पन्नासच माणसं असतील तर १२ किलोच उचला, बाकीच्यासाठी दुसऱ्या मंडळाला तिथल्या तिथे फोन करा.

---

कृष्णाकाठ_वाळवा:

पंगतदादा, पटलं. तळासाठी कोरडा शिधाच. कार्यालयाचं जेवण स्टँड आणि दवाखान्याकडे वळवतो. आता मुकादमाचं विचारतो. तळावर त्याच्याशिवाय पान हलत नाही. यादी त्याच्याकडूनच घ्यावी का?

---

रेशन_माहितगार:

त्याला विश्वासात घ्या, यादी मात्र त्याच्याकडून घेऊ नका. मुकादमाकडे उचलीचा (हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेचा) हिशोब असतो. किट त्याच्या हातून गेलं तर दोन गोष्टी होऊ शकतात: त्याच्या मर्जीतल्या कोयत्यांना आधी मिळतं, किंवा किटची किंमत कामगाराच्या नावावर चढते. दुसरी गोष्ट बाहेर कळतही नाही. म्हणून कोपी-कोपी फिरून यादी करा, कुपन घरातल्या बाईच्या नावाने द्या, आणि "हे मोफत आहे, उचलीत धरायचं नाही" असं ठळक अक्षरांत कुपनावर छापा. वाटपाच्या वेळी सगळ्यांदेखत ते मोठ्याने वाचूनही दाखवा, कारण अनेकींना वाचता येत नाही.

वाटप तळावरच, संध्याकाळी सातनंतर. गाडीवाले कारखान्याच्या यार्डात वजनाच्या रांगेत अडकतात, त्यांची किटं शेजारणीकडे सहीने ठेवा. फोटो काढू नका. देणगीदाराला पोत्यांचा, काट्याचा आणि नोंदवहीचा फोटो पाठवा.

अडीनडीला दहा किटं कायम तयार ठेवा. हंगामाचा पहिला पंधरवडा, अवकाळी पावसाने तोड बंद पडलेले दिवस, आणि कोणी आजारी पडून कोयता बसला तर. एरवी ही माणसं वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकून रोजचा तेल-मिठाचा खर्च भागवतात. तोड थांबली की वाढंही नाही, आणि दुसऱ्याच दिवशी चूल थंडावते.

---

हिशोब_तपासनीस:

कागदपत्रांचं थोडक्यात.

अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, मोफत वाटत असली तरी, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. उरलेल्या अन्नासाठी २०१९ चे स्वतंत्र विनियम आहेत. अर्ज प्राधिकरणाच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर सोपं जातं. नसेल तर तालुक्यातल्या एखाद्या नोंदलेल्या न्यासाच्या छत्राखाली पहिला हंगाम काढा.

देणगीवरची आयकर सवलत (८०जी) वस्तूच्या देणगीला मिळत नाही. दोन पोती ज्वारी दिली म्हणून कोणी करसवलतीची पावती मागेल तर देता येणार नाही, साधी पोच द्या. रोखीत २,००० रुपयांच्या वरच्या देणगीलाही ती सवलत नाही. त्यामुळे मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयने मंडळाच्या खात्यात घ्या, कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात कधीच नको.

आणि रेशनचं धान्य विकत घेऊ नका, देणगी म्हणूनही घेऊ नका. गावात "आमच्याकडे रेशनचा तांदूळ पडून आहे, घेऊन जा" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तो माल गोदामात सापडला तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सगळं काम बंद पडेल.

---

आहार_नोंदी:

रेशनच्या तांदळावरून आठवलं. त्यात शंभराला एक या प्रमाणात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळलेले असू शकतात. ते थोडे पिवळसर दिसतात, धुताना काही वर तरंगतात, आणि तळावर "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून वेचून फेकले जातात. वाटपाच्या वेळी बायकांना मूठभर तांदूळ पाण्यात टाकून दाखवा आणि तिथेच शिजवून खायला द्या. कमी पाण्यात धुवावा आणि पेज टाकू नये, हेही सांगा.

---

गोदाम_कोठार:

काट्याचं राहिलं. किट भरायला १० किलोचा आणि पोत्यांना १०० किलोचा, असे दोन काटे लागतील, वैधमापन खात्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे का ते बघून घ्या. डाळ-शेंगदाणे आदल्या दिवशी भरून ठेवा. पाच जणांची रांग केली, एकाने एकच वस्तू भरायची असं ठरवलं, तर शंभर किटं एका दुपारी होतात. एकाच माणसाला सगळं भरायला लावलं की मीठ विसरतं. प्रत्येक दहावं किट उघडून पुन्हा वजन करा.

---

कृष्णाकाठ_वाळवा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पुरवठा निरीक्षकांच्या पत्राचा मसुदा आणि कोपीच्या यादीचा नमुना उद्या इथेच टाकतो, चुकलं असेल ते दुरुस्त करा. गिरणीवाल्यांशी बोलणं झालं की कुपनाचा दरही कळवतो.